थांबाबाई

आमच्या इस्पितळाच्या वार्षिक समारंभात एकदा अधिष्ठाता प्रमुख पाहुण्यांचं नाव विसरले. माणूस भला, पण स्टेजवर चढला की घाबरायचा. "आजचे आपले पाहुणे, माननीय श्री..." इथवर आले आणि अडकले. पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी ओठ हलवले, एकाने हळूच पहिलं अक्षर पुढे सरकवलं. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांबा! कुणी सांगू नका. येऊ द्या त्यांचं त्यांना."

अधिष्ठाता घामाघूम. खुद्द पाहुणेच खुर्चीतून पुढे वाकून "अहो, माझं नाव..." म्हणायला लागले, तर बाईंनी त्यांनाही हात दाखवला. "तुम्हीसुद्धा नाही."

शेवटी नाव आलं. आडनाव बरोबर होतं, नाव पाहुण्यांच्या भावाचं. बाई समाधानाने खाली बसल्या. "चुकलं तरी चालेल," मला म्हणाल्या, "स्वतःचं आलं."

त्या आमच्या बाई. इस्पितळात मागून सगळे त्यांना थांबाबाई म्हणायचे.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी त्यांच्याकडे लागलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. मी भाषाशास्त्रात एम.ए. झालो तेव्हा त्याचा काय उपयोग हे बापाला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मग पेपरात जाहिरात आली. विद्यापीठाने वर्ध्याजवळच्या एका इस्पितळात दोन खोल्यांचं संशोधन केंद्र काढलं होतं. लकव्याने, डोक्याला मार लागून ज्यांची बोली गेली त्यांची बोली परत येते का, येते तर कशी येते, याचा अभ्यास. खोल्या धुलाईघराला लागून. दारावर केंद्राचं लांबलचक नाव होतं, ते कुणी वाचायचं नाही. लोक म्हणायचे, मुक्याईचा, म्हणजे मुक्यांचा, दवाखाना.

बापाला सांगितलं, "लकव्याच्या लोकांचं बोलणं ऐकायचं, टेप करायचं."

"अन् त्याचा पगार देतेत?"

"देतात."

बाप खूप वेळ हसला. "बोलनाऱ्याचं कोनी आयकत नाई, अन् तू मुक्याईचं आयकाले बसला!"

मुलाखतीला बाई एकट्याच होत्या. पुण्याकडच्या, उंच, हातात पुरुषी घड्याळ, आणि तेही तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवून बांधलेलं. पुढे कळलं, पेशंटसमोर आपण वेळ पाहतो हे पेशंटला दिसू नये म्हणून. त्यांनी विचारलं, "हे काम तुम्हाला का करायचंय?" मी पाठ करून आलेलं उत्तर विसरलो. बाई नुसत्या पाहत राहिल्या. हसल्या नाहीत, दुसरा प्रश्न टाकला नाही, पाणी हवं का म्हटलं नाही. शेजारी धुलाईघरात चादरी आपटल्याचा आवाज येत होता. शेवटी माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "पगार आहे म्हणून."

"गाव?"

"तळेगाव, श्यामजी पंत."

"उद्यापासून या, श्यामजीपंत."

गावाच्या नावाचं शेपूट त्यांनी मला चिकटवलं ते कायमचं. हमालाच्या पोराला पंत म्हणणारी ती एकटीच बाई. बापाला सांगितलं तर म्हणाला, "घ्या! आपल्या घरात पंत निपजला!"

कामाचा पहिला नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला, आणि दुसरा नियम नव्हताच. पेशंट शब्द शोधत असेल तेव्हा शब्द द्यायचा नाही. समोर लोटा आहे, त्याला 'लोटा' म्हणायचंय, जीभ वळवळते, घाम फुटतो, डोळ्यांत पाणी येतं, तरी द्यायचा नाही. "उसना शब्द पचत नाही," त्या म्हणायच्या. "तुम्ही दिलात की तो तुमचा झाला. त्याचा आतच राहिला, आणि आता तो शोधणारही नाही."

पण माणसाचं तोंड मोठं दगाबाज असतं. समोरचा अडखळला की आपले ओठ आपोआप हलतात. त्यावर बाईंनी उपाय काढला होता. टेबलावर पितळी डबी, तिच्यात सुपारीची खांडं. काम सुरू होण्याआधी प्रत्येकाने एक खांड दाढेखाली धरायचं. चघळायचं नाही, नुसतं धरायचं. मी, बाई, आणि पेशंटसोबत आलेले नातेवाईक, सगळेच. कुणाची बायको, कुणाचा भाऊ, ओळीने बाकावर गाल फुगवून बसलेले, आणि समोर एक माणूस लोट्याशी झटतोय. नवा माणूस दारातून डोकावला तर त्याला वाटावं, इथे बोलणारे मुके आहेत आणि मुका तेवढा बोलून राहिला.

हा नियम त्या बाहेरही पाळायच्या. एकदा आर्वीच्या बसमध्ये कंडक्टर तोतरा निघाला. "पु... पु... पु..." पॅसेंजर ओरडले, "पुढे सरका म्हणते!" बाई कडाडल्या, "थांबा. तोंड त्याचं आहे, तुमचं नाही." सगळे थांबले. कंडक्टरच्या मानेच्या शिरा तटतटल्या. अखेर त्याचं वाक्य सुटलं ते असं, "बाई, माही गाडी लेट होऊन राह्यली, बोलू द्या ना त्याईले!"

आख्खी बस हसली. मीही हसलो. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या कंडक्टरची आठवण मला पुढे फार आली.

नातेवाईक विचारायचे, "बोलतीन ना जी हे?" तर बाई म्हणायच्या, "माहीत नाही." इतर डॉक्टर कसे खांद्यावर हात ठेवून, होईल होईल म्हणायचे. बाईंना ते जमलं नाही. कितीतरी लोक त्या 'माहीत नाही'पायी परत गेले ते आलेच नाहीत. त्यांना असं काय झालं होतं, की इतक्या कोरड्या झाल्या होत्या, का मुळात कोरड्या नव्हत्याच, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. त्या खोटं बोलत नसत. म्हणूनच विचारलं नाही.

खोटं त्या एकदाच बोलल्या. ते सांगायलाच मी बसलोय.

नालवाडीचे महादेवराव भाजीपाल्याचा धंदा करायचे. विहिरीवर थोडंसं ओलीत, वांगे, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे टोपलं घेऊन बाजारात बसायचे. त्यांची हाळी अशी होती म्हणे, की अर्ध्या बाजाराला ऐकू जायची. एका सकाळी वाफ्यात पाणी सोडता सोडता पडले. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोली बंद. महिनाभर वॉर्डात काढून आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता.

काऊन.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, काऊन म्हणजे का, कशासाठी. घरात, वावरात, भांडणात, लाडात दिवसातून शंभरदा येणारा शब्द. कॉलेजात गेल्यावर मी तो तोंडातून काढून टाकला होता, कारण वर्गातली पोरं हसायची. महादेवरावांच्या तोंडात तो एकटाच राहिला होता. पाणी पाहिजे, काऊन. बस झालं, काऊन. लोटा दाखवला, कंगवा दाखवला, काऊन, काऊन. नाव विचारलं, काऊन.

असं होतं. सगळी बोली वाहून जाते आणि एखादा शब्द खडकाला अडकल्यासारखा राहतो. कुणाचा राम राहतो, कुणाची शिवी. त्यात त्या माणसाचा काही हेतू असतोच असं नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं आहे.

सुभद्राबाई, त्यांची बायको, दाढेखाली सुपारी धरून बाकावर बसायची. बारकीशी बाई, हात मातीने फुटलेले. नवरा 'काऊन' म्हणाला की तिचा गाल हलायचा. घरी ती प्रत्येक 'काऊन'ला उत्तर द्यायची, हे तिनेच सांगितलं. "काऊन?" "भाजी टाकून राह्यली जी." "काऊन?" "पोरगी सासरी गेली ना तुमची, विसरले का?" "काऊन?" "आता झोपा, रात झाली." असं दिवसभर. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, सुभद्रीचा संसार आता लई बोलका झाला.

काही दिवसांनी ती एकटीच आली. बाकावर बसली नाही, खाली भिंतीला टेकून बसली.

"बाई, त्याईचा येवढा एक शब्द काढता का?"

बाई थांबल्या.

"दुसरा कोनताई येऊ द्या. शिवी येऊ द्या. मले रोज शिवी देल्ली तरी चालते. पन हा काढा."

"का?" बाईंनी विचारलं.

तिने सांगितलं. नवरा पडला त्या दिवशी लोक म्हणत होते, दवाखान्यात ने. ती भ्याली. मोठ्या दवाखान्यात नेलेला तिचा सासरा परत आला नव्हता. कुणीतरी म्हटलं, लकव्यावर पारव्याचं रक्त चोळतात. तिने पारवे आणवले. चोळत बसली. दोन-तीन दिवस गेले, आणि मग बैलबंडीत घालून आणलं. डॉक्टर सगळ्यांसमोर बोलला, आधी काऊन नाही आणलं? "तवा हे बेसुद होते. डोये उघडले अन् माह्याकडे पाहून पयला शब्द बोलले तो हाच. तेव्हापासून तेच इचारून राह्यले जी मले. मी भाजी टाकते म्हनते, पोरगी म्हनते. ते काय भाजीचं इचारून राह्यले?"

बाई म्हणाल्या, "मी शब्द काढत नाही. देतही नाही. मी थांबते."

"मंग मी काय करू?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

पण त्या दिवसापासून महादेवरावांच्या मागे त्या हात धुऊन लागल्या. रोज टेप. संध्याकाळी मी रीळ लावायचो आणि आम्ही दोघं ऐकायचो. ऐकता ऐकता कळायला लागलं की काऊन एक नाही. पाण्याचा काऊन तुटक. कंटाळ्याचा काऊन खाली पडणारा. रागाचा काऊन पहिल्या अक्षरावर आपटायचा. बाईंचा कान पुण्याचा, माझा इथला, पण दोघांचं जुळायचं. एक मात्र कशातच बसेना. काम संपल्यावर बायको त्यांना उठवायला पुढे यायची तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहून म्हटलेला, लांबवलेला, शेवटी वर उचललेला काऊन. बाई तो पुन्हा पुन्हा लावायला सांगायच्या.

"हा प्रश्न आहे का, श्यामजीपंत?"

"वाटतो."

"मलाही वाटतो. वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे."

मग बाईंना वांग्यांची कल्पना सुचली. बोली गेली तरी गाणं, भजन, पाढे कधी कधी शाबूत राहतात. ते डोक्यात दुसरीकडे असतात म्हणा. बाजारची हाळी हेही गाणंच. त्यांनी टोपलंभर काटेरी वांगी आणवली आणि महादेवरावांच्या मांडीजवळ ठेवली. सगळ्यांच्या तोंडात सुपारी. महादेवरावांनी डाव्या हाताने एक वांगं उचललं, देठ चाचपला, पालथं करून पाहिलं. छाती भरून घेतली. आणि हाळी फुटली.

"काऊऽन काऊन काऊऽन! काऊन काऊन, काऊऽऽन!"

सूर तोच. ठेका तोच. 'वांगे घ्या वांगे, काटेरी वांगे' तंतोतंत तसंच, फक्त शब्द सगळे काऊन. आमचा चपराशी तोंड दाबून बाहेर पळाला. धुलाईघरातली एक बाई ओला हात पुसत खिडकीशी आली आणि गंमत म्हणून ओरडली, "ओ मामा, कसे देल्ले वांगे?"

महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताची बोटं दाखवली. बाजारभाव बरोबर. तिने एक बोट कमी करून दाखवलं. त्यांनी मान हलवली, रागावून वांगं टोपल्यात टाकलं आणि म्हणाले, "काऊन!"

आम्ही हसलो. ते हसले, वाकड्या तोंडाने, लाळ गळत, पण हसले. मी बाईंना इतकं मोकळं हसताना नंतर कधी पाहिलं नाही. त्यांनी सुपारी थुंकली आणि म्हणाल्या, "आहे! माणूस आत आहे! भाव ठरवतोय, घासाघीस करतोय, आहे!"

सुभद्राबाई हसली नाही. ती बाकावरून उठली आणि नवऱ्याच्या तोंडावरची लाळ पदराने पुसली. तेव्हा ते तिच्याकडे पाहून म्हणाले, लांबवून, वर उचलून, "काऊऽन?"

"म्हंजे डोकं साबूत हाये," ती बाईंना म्हणाली. "भाव कळते. म्हंजे मले जे इचारते तेही समजूनच इचारते."

आमच्या केंद्राचा सर्वांत मोठा दिवस तो. त्याच दिवशी तिचा उरलासुरला आधार आम्ही काढून घेतला.

मग ती यायची तशी यायची, पण वाळत चालली. जेवत नाही, असं पोरीने येऊन सांगितलं. एका दुपारी महादेवरावांना बाकावर बसवून ती बाईंच्या टेबलाशी आली. हळू आवाजात बोलली, जसं कुणी भाजीचा भाव सांगावा तसं. "परवा हिरीच्या काठावर बसली होती, बाई. आत पाह्यलं. पानी खूप हाये औंदा. म्हटलं, मी गेली तर हे कोनाले..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. बाईंनी होऊ दिलं नाही. सगळ्या जगाला थांबा म्हणणारी बाई त्या दिवशी स्वतः थांबली नाही. मधेच म्हणाल्या, "सुभद्राबाई, तो प्रश्न नाही."

ती पाहत राहिली.

"तो शब्दच नाही. उचकी लागते ना, तशी. उचकीला काही अर्थ असतो? त्यांच्या तोंडातून नुसता आवाज येतो. ते तुम्हाला काहीही विचारत नाहीत. मी सगळं तपासलंय. खात्रीने सांगते."

खात्रीने हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

सुभद्राबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बाईंकडे. तिच्या तोंडावर हलकं वाटल्यासारखं काही दिसेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती म्हणाली, "मंग मी इतके दिवस कोनासंग बोलून राह्यली होती?"

या वेळी बाई 'माहीत नाही'सुद्धा म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी रीळ लावलं नाही. धुलाईघराच्या मागे वाळत घातलेल्या चादरींमधून आम्ही फाटकापर्यंत चाललो. बाई म्हणाल्या, "श्यामजीपंत, आज मी शब्द दिला."

मी म्हटलं, "जीव वाचवला तुम्ही, बाई."

"तिचा." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "त्याला एकच शब्द होता. त्याचा अर्थ त्याने सांगायचा होता. मी सांगून टाकला, काही नाही म्हणून."

जीव खरंच वाचला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर इस्पितळात बाईंबद्दल काहीबाही बोललं गेलं. सुभद्राबाई जेवायला लागली. ओलिताचं सगळं तिने अंगावर घेतलं, बाजारात स्वतः बसायला लागली, हाळी देताना आधी लाजायची, मग लाजली नाही. अंगावर मांस आलं. नवऱ्याचं खाणंपिणं, अंघोळ, कशात कसर नाही. फक्त उत्तर देणं सोडलं. उचकीला कोण उत्तर देतं?

महादेवराव पहिल्यांदा जोराने विचारायला लागले. मग रागाने. मग मधून मधून. दिवाळीनंतर ती त्यांना घेऊन आली तेव्हा कौतुकाने म्हणाली, "आता शांत झाले जी हे. काईच तरास नाई. दिवसभर चूप राह्यते."

बाईंनी सगळ्यांना सुपारी वाटली. लोटा दाखवला. कंगवा दाखवला. वांगं हातात दिलं. महादेवरावांनी वांगं हातात धरून ठेवलं, जसं दुसऱ्याचं सामान धरून उभं राहावं तसं. खिडकीतून धुलाईघरातल्या बाईने आपणहून विचारलं, "मामा, कसे देल्ले?" त्यांनी तिकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. बाई थांबल्या. त्या दिवशी किती थांबल्या. चपराशी दोनदा येऊन दार लोटून गेला. काहीच आलं नाही.

जाताना सुभद्राबाई बाईंच्या पाया पडली. "तुमीच वाचवलं जी मले." बाई तशाच उभ्या होत्या, तोंडात सुपारी धरून.

पुढे दोन-तीन वर्षांत केंद्र बंद झालं. अनुदान संपलं, खोल्या धुलाईघराला मिळाल्या. बाई पुण्याला गेल्या की आणखी कुठे, पत्ता देऊन गेल्या नाहीत. मी मास्तर झालो. वर्गात पोरगं उत्तर देताना अडलं की मी थांबतो. बाकीची पोरं हसतात, ते रडकुंडीला येतं, तरी थांबतो. बरोबर करतो की नाही, मला आजही कळत नाही. पण केंद्र बंद व्हायच्या आधीची एक संध्याकाळ सांगायची राहिली.

बाई एकदा म्हणाल्या, "मशीनमध्ये सेल टाका, श्यामजीपंत. नालवाडीला जायचंय." सायकलरिक्षात आमच्या दोघांच्या मधे ते टेपचं धूड, टॉवेलात गुंडाळलेलं. काय करणार आहेत ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला कळलं तेव्हा माझा विश्वास बसेना. ज्या बाईने कधी कुणा पेशंटला शब्द दिला नाही, ती एका माणसाला त्याचाच शब्द परत द्यायला निघाली होती.

महादेवराव अंगणात बाजेवर होते. स्वच्छ धोतर, दाढी केलेली. सुभद्राबाई आतून ओरडली, "बसा जी, भाकरी टाकून राह्यली, आलीच!" बाईंनी डबी उघडली. मी एक खांड घेतलं, त्यांनी एक घेतलं. मशीन बाजेवर ठेवलं, महादेवरावांच्या पायाशी. मी कळ दाबली.

पहिल्यांदा नुसती खरखर. मागे चादरी आपटल्याचा आवाज. मग त्यांचाच आवाज, भरदार, लांबवलेला, वर उचललेला. "काऊऽन?"

आणि आतून, भाकरीच्या थपथपीत जराही खंड न पडता, सुभद्राबाईचं उत्तर आलं. "आली जी, आली! भाकर टाकून राह्यली!"

थपथप थांबली.

ती दारात आली. दोन्ही हातांना पीठ. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या मिटलेल्या तोंडाकडे, आणि मग मशीनकडे. मशीनने पुन्हा विचारलं. महादेवराव मशीनकडे पाहत होते, एखाद्या अनोळखी माणसाने अंगणात येऊन आपल्या बायकोला हाक मारावी आणि तिने ओ द्यावी, तसे. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले. जीभ दिसली.

सुभद्राबाईचा गाल हलला. ती एक पाऊल पुढे आली. "काय जी?" म्हणाली. "इचारा ना. काय?"

"थांबा," बाई म्हणाल्या. सुपारी तोंडात होती, शब्द नीट फुटला नाही.

आम्ही थांबलो. रस्त्यावरून ढोरं घरी परतली, धूळ उडाली, बसली. आत तव्यावर भाकर जळल्याचा वास आला, कुणी उठलं नाही. रीळ संपलं. त्याचं सुटलेलं टोक चाकावर फट् फट् आपटत फिरत राहिलं. मी बंद करायला हात पुढे केला तर बाईंनी माझं मनगट धरलं.

महादेवरावांनी तोंड मिटलं.

बाईंनी माझं मनगट सोडलं नाही.